शीतरक्ती म्हणजे नक्की काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साप, पाल, बेडूक, मासा. या चौघांच्या नावापुढे शाळेपासून आपण ‘शीतरक्ती’ लिहीत आलो आहोत. शब्द तोंडात इतका बसलाय की त्याचा अर्थ विचारायची वेळच येत नाही, आणि कुणी विचारलाच तर एका प्रश्नातून दुसरा निघत जातो. असे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. क्रमानेच वाचायला हवीत असं नाही.

शीतरक्ती म्हणजे ज्याचं रक्त थंड असतं असा प्राणी, बरोबर ना?

शब्द फोडला तर तसाच अर्थ निघतो, पण प्राण्याला तो लागू पडेलच असं नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात डेझर्ट इग्वाना नावाचा सरडा राहतो. दिवसा तो हिंडत असतो तेव्हा त्याच्या शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आपल्याकडे घरात कुणाचं अंग इतकं तापलं तर कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या येतात. तरीही पुस्तकाच्या हिशेबाने तो सरडा शीतरक्ती आणि ३७ अंशांवरचे आपण उष्णरक्ती.

या शब्दाला सांगायचंय ते असं: या प्राण्यांच्या अंगातली बहुतेक ऊब बाहेरून येते. ऊन, तापलेला कातळ, कोमट पाणी, रात्रीसुद्धा गरम राहिलेला डांबरी रस्ता, असं काहीही त्यांना चालतं. आपली ऊब आतून येते, खाल्लेल्या अन्नाच्या ज्वलनातून. अन्न तेही जाळतात, पण त्यातून निघणारी उष्णता फार थोडी असते आणि ती अंगात टिकतही नाही. रक्ताचं काम दोन्हीकडे सारखंच, उष्णता इकडून तिकडे वाहून नेण्याचं.

खरं तर या एका शब्दात तीन वेगवेगळे प्रश्न कोंबलेले आहेत. ऊब येते कुठून? शरीराचं तापमान स्थिर राहतं की बदलतं? आणि शरीराचा इंधनाचा खर्च किती? बहुतेक प्राण्यांत या तिन्हींची उत्तरं एकमेकांशी जुळतात, म्हणून एका शब्दावर भागतं. जिथे जुळत नाहीत तिथे मजा आहे, आणि खालचे बरेचसे प्रश्न तिथलेच आहेत.

मग हा शब्द आला कुठून?

मराठीत तो युरोपातून आला, आणि युरोपात तो लॅटिनमधून रुळला.

ॲरिस्टॉटलने प्राण्यांचे दोन मोठे गट केले होते, रक्त असलेले आणि रक्त नसलेले. त्याच्या लेखी रक्त म्हणजे लाल रक्त, त्यामुळे कीटक, खेकडे, शिंपले हे सगळे ‘बिनरक्ताचे’ ठरले. शरीराची ऊब हृदयात असते आणि ज्या प्राण्यात ती जास्त तो वरच्या पायरीवरचा, असंही तो मानत असे. मेंदूचं काम त्याच्या मते हृदयातून येणारी ही उष्णता थंड करण्याचं. ऊब म्हणजे श्रेष्ठपणा, ही समजूत तिथून पुढे दोन हजार वर्षं टिकली.

शब्दाला अधिकृत शिक्का मिळाला १७५८ मध्ये. कार्ल लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने ‘सिस्टिमा नॅच्युरे’ या आपल्या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली. प्राण्यांना दोन शब्दांचं शास्त्रीय नाव देण्याची आजची पद्धत याच आवृत्तीपासून मोजतात. त्यात त्याने प्राण्यांचे सहा वर्ग केले आणि त्यासाठी आधार घेतला हृदयाचा आणि रक्ताचा. सस्तन प्राणी आणि पक्षी यांचं रक्त उष्ण आणि लाल. मासे आणि ज्यांना तो ‘अँफिबिया’ म्हणत असे ते प्राणी, यांचं रक्त थंड आणि लाल. कीटक आणि कृमी यांच्यात लाल रक्त नाही, नुसता थंड, पांढुरका द्रव. लिनियसच्या अँफिबियात बेडकांबरोबर साप, सरडे आणि कासवंही होती, आणि या मंडळींबद्दल त्याने फार तुसडेपणाने लिहिलं आहे. थंडगार अंग, फिकट रंग, घाणेरडा वास वगैरे. ‘शीतरक्ती’ या शब्दाला हलकेपणाची जी एक छटा आहे ती काही अंशी त्याचीच देणगी म्हणायची.

पुढे पंचवीस वर्षांतच रक्ताचा मुद्दा मागे पडायला हवा होता. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिये आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला, त्याच्या उबेने किती बर्फ वितळला ते मोजलं, आणि श्वसन म्हणजे एक प्रकारचं संथ ज्वलन आहे असा निष्कर्ष काढला. ऊब रक्तात साठवलेली नसते, ती शरीरात सतत तयार होत असते. पण तोवर शब्द रूढ झाला होता, आणि रूढ शब्द पुराव्याने हलत नाही.

आपल्याकडे विज्ञान मराठीत शिकवायला सुरुवात झाल्यावर या संज्ञेची संस्कृत घटकांतून जुळणी झाली: शीत, रक्त आणि शेवटी मालकी दाखवणारा ‘ई’. घडण अस्सल देशी, कल्पना मात्र पूर्णपणे लिनियसची.

आपल्या जुन्या ग्रंथांत अशी विभागणी नव्हती का?

रक्ताच्या तापमानावरून नव्हती. ऐतरेय उपनिषदात आणि नंतरच्या अनेक ग्रंथांत जीवांचे प्रकार जन्मावरून केले आहेत: अंडज, जरायुज, स्वेदज, उद्भिज्ज. त्या मांडणीत साप आणि चिमणी शेजारी बसतात, कारण दोघंही अंड्यातून येतात. आधुनिक वंशवृक्षातही पक्षी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अगदी जवळचे निघाले, हा योगायोगच. त्यातून ‘आपल्याला आधीच माहीत होतं’ असा अर्थ काढू नये.

कुठे ‘अनियततापी’ वाचायला मिळतं, कुठे पॉइकिलोथर्म, कुठे एक्टोथर्म. सगळं एकच आहे का?

जवळजवळ, पण एकच नाही.

१८४७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बर्गमन याने ‘थंड’ आणि ‘उष्ण’ हे शब्द टाळून नवी जोडी सुचवली. ग्रीकमध्ये ‘पॉइकिलोस’ म्हणजे चित्रविचित्र, बदलता. ‘होमोइओस’ म्हणजे सारखा. ज्यांचं तापमान बदलतं ते पॉइकिलोथर्म, ज्यांचं सारखं राहतं ते होमिओथर्म. मराठीतले अनियततापी आणि नियततापी हे या जोडीचेच अवतार. थंड प्रदेशातले प्राणी आकाराने मोठे असतात, हा बर्गमनच्या नावाने ओळखला जाणारा नियमही याच वर्षीच्या लिखाणातला.

या जोडीतही एक खोट आहे. खोल समुद्रातल्या माशाभोवतीचं पाणी वर्षभर दोन-चार अंशांवर असतं, त्यामुळे त्याच्या अंगाचं तापमानही वर्षभर तेवढंच. नुसतं स्थिरपणावर बोट ठेवलं तर तो मासा माणसापेक्षा जास्त नियततापी ठरतो, जे कुणालाच अभिप्रेत नाही.

म्हणून तिसरी जोडी आली. रेमंड काउल्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने चार्ल्स बोगर्टबरोबर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातले सरडे अभ्यासले होते. १९४४ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की हे ‘थंड रक्ताचे’ प्राणी ऊन-सावलीचा खेळ करून आपलं तापमान बऱ्यापैकी हवं तिथे ठेवतात. १९६२ मध्ये काउल्सने शब्दांचा हा घोळ निस्तरायला ऊब कुठून येते हीच कसोटी धरायला सांगितलं. बाहेरून येत असेल तर एक्टोथर्म, आतून येत असेल तर एंडोथर्म. मराठीत बाह्यतापी आणि अंतस्तापी म्हणता येईल. घरातच चूल पेटवून शेकणारा अंतस्तापी आणि अंगणातल्या कोवळ्या उन्हात जाऊन बसणारा बाह्यतापी, असा हा फरक. शेक दोघांनाही लागतो. आज प्राणिशास्त्रात हीच जोडी जास्त चालते, आणि माझ्या मते तिन्हींत तीच सर्वांत प्रामाणिक आहे.

पण बेडूक, पाल, मासा हाताला थंडच लागतात!

कारण तुमचा हात गरम असतो. हाताच्या त्वचेचं तापमान साधारण ३२-३३ अंश, खोलीचं २६. पाल खोलीइतक्या तापमानाची, म्हणजे हातापेक्षा सहा-सात अंशांनी कमी. बेडकाच्या बाबतीत आणखी एक भर पडते. त्याची कातडी ओली असते आणि तिच्यावरून सतत बाष्पीभवन होतं, त्यामुळे तो कोरड्या हवेत भोवतालापेक्षाही थोडा थंड असू शकतो. उन्हात तापलेला साप हातात घेतला तर तो गरम लागतो. अर्थात तसं करून बघायला कुणालाही सांगत नाही.

सांगलीकडे कृष्णेच्या काठावर मगरी तासन्‌तास पडून असतात. त्या आळशी असतात का?

भिलवडी, औदुंबर परिसरात थंडीच्या दिवसांत सकाळी नदीकाठी मगर दिसणं नवीन नाही. ती तिथे काम करत असते. रात्रभरात थंडावलेलं अंग उन्हाने तापवल्याशिवाय तिचे स्नायू पुरेशा वेगाने चालत नाहीत आणि पोटातलं अन्नही नीट पचत नाही. पचनाची विकरं ठरावीक तापमानालाच चांगली चालतात, त्यामुळे मोठं भक्ष्य गिळल्यावर ऊन मिळणं ही मगरीची आणि सापाची निकड असते. थंडी फारच पडली तर साप गिळलेलं भक्ष्य ओकून टाकतो.

मगर जबडा वासून बसते तेव्हा तोंडातल्या ओलसर त्वचेवरून बाष्पीभवन होऊन डोक्याची उष्णता कमी होते, हे खरं आहे. पण मगरी रात्री आणि पावसातही जबडा वासतात, तेव्हा कारण तेवढंच नसावं.

नदीकाठच्या गावांना यातून एक साधा हिशेब मिळतो. काठावर ऊन खात पडलेली मगर दिसत असते. खरी काळजी घ्यायची ती अंग तापवून पाण्यात परतलेल्या, न दिसणाऱ्या मगरीची.

हिवाळ्यात पाली कुठे जातात? आणि बेडूक तर पावसाळ्याशिवाय दिसतच नाहीत.

पाली फोटोफ्रेमच्या मागे, खिडकीच्या चौकटीत, फ्रिजच्या मागच्या कोमट जागेत असतात. थंडीत त्यांची हालचाल मंदावते, भूक कमी होते, आणि दिव्याभोवती किडेही कमी असतात. मुंबईच्या हिवाळ्यात हा फरक फारसा जाणवत नाही; नाशिक-पुण्याकडे जाणवतो.

बेडकांचं कारण वेगळं आहे. महाराष्ट्रात त्यांना छळते ती थंडीपेक्षा कोरडी हवा. त्यांची कातडी पाणी धरून ठेवू शकत नाही, म्हणून ओल संपली की ते मातीत, भेगांत, दगडांखाली शिरतात आणि पहिल्या पावसावर बाहेर येतात. त्यांचं दडून बसणं शीतरक्ती असण्याच्या खात्यावर टाकणं ही एक नेहमीची गफलत.

थंडीने कसोटी पाहिलेला बेडूक बघायचा तर अलास्कातला वुड फ्रॉग बघावा. हिवाळ्यात त्याच्या अंगातलं निम्म्याहून जास्त पाणी गोठतं, हृदय थांबतं, श्वास थांबतो. यकृतातून रक्तात सोडलेलं भरपूर ग्लुकोज पेशींचा आतून बचाव करतं, आणि वसंतात बर्फ वितळला की तो उड्या मारत निघून जातो.

साप महिनोन्‌महिने न खाता कसा राहतो?

कारण त्याला आतली भट्टी पेटती ठेवायची नसते. सारख्याच वजनाचा सस्तन प्राणी आणि सरपटणारा प्राणी घेतला तर सरपटणाऱ्याचा रोजचा ऊर्जाखर्च साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी भरतो. आपण जे खातो त्यातला मोठा भाग निव्वळ ३७ अंश टिकवण्यात जातो. अजगराला वर्षातून मोजकी मोठी भक्ष्यं पुरतात. याउलट एट्रस्कन श्रू नावाची सुमारे दोन ग्रॅम वजनाची चिमुकली चिचुंद्री (ती भारतातही आढळते) काही तास उपाशी राहिली तर मरते. तिचं हृदय मिनिटाला हजारावर ठोके देतं.

‘कमी विकसित’ हे विशेषण शीतरक्ती प्राण्यांना अजूनही चिकटवलं जातं ते म्हणूनच पटत नाही. वाळवंटात, जिथे अन्न क्वचित मिळतं, तिथे सरड्यांची चंगळ असते आणि सस्तन प्राण्यांची ओढाताण. सरड्यांचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो, गळ्याखाली रंगीत पंखा असलेल्या आपल्याकडच्या काही सरड्यांना २०१६ मध्ये स्वतंत्र प्रजाती (जीनस) म्हणून मान्यता मिळाली तेव्हा तिचं शास्त्रीय नावच ‘सरडा’ ठेवलं गेलं, थेट मराठीतून. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचा ‘सरडा सुपर्बा’ त्यातलाच. निळ्या-काळ्या-केशरी पंख्याचा तो नर उन्हात दगडावर चढून गळा फुलवतो तेव्हा ‘कमी विकसित’ म्हणायला जीभ रेटत नाही.

शीतरक्ती प्राण्यांना ताप येतो का?

येतो, म्हणजे ते आणतात. १९७४-७५ मध्ये मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी मघाच्याच डेझर्ट इग्वानांना रोगजंतू टोचले. आजारी सरडे आपणहून जास्त उबदार जागी जाऊन बसले आणि त्यांनी अंगाचं तापमान नेहमीपेक्षा सुमारे दोन अंशांनी वाढवलं. ज्यांना मुद्दाम कमी तापमानात ठेवलं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. ताप ही शरीराची लढण्याची युक्ती आहे, याचा हा एक जुना आणि देखणा पुरावा. आपण ताप आल्यावर पांघरूण ओढून घेतो, तेही थोडंफार तेच.

अजगराची मादी अंडी उबवते म्हणतात. शीतरक्ती प्राणी ऊब आणणार कुठून?

हाच प्रश्न पॅरिसच्या विज्ञान अकादमीने विचारला होता. भारतात राहून परतलेल्या लामार-पिको या फ्रेंच निसर्गप्रेमीने १८३०च्या दशकात सांगितलं की भारतीय अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून आपल्या अंगच्या उबेने ती उबवते. अकादमीतल्या मान्यवरांनी ते मनावर घेतलं नाही. साप तो, त्याला कुठली ऊब! पुढे १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एक अजगरीण अंड्यांवर बसली, व्हालांसिएन यांनी थर्मामीटर लावला आणि ती खरोखरच भोवतालापेक्षा गरम निघाली.

कारण सापडायला आणखी सव्वाशे वर्षं गेली. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात भारतीय अजगराच्या मादीवर केलेल्या मोजणीत दिसलं की हवा थंड होईल तशी ती स्नायू लयीत आकुंचित करते, आणि त्या आचक्यांतून उष्णता तयार होते. आपण कुडकुडतो तसंच. हवा जितकी थंड, तितकं तिचं कुडकुडणं जास्त. अंडी फुटेपर्यंत ती अंतस्तापी, एरवी बाह्यतापी. तिला कोणत्या रकान्यात लिहायचं ते तुम्हीच ठरवा.

दक्षिण अमेरिकेतला तेगू सरडाही असाच. त्याच्या विणीच्या हंगामात बिळातल्या हवेपेक्षा त्याचं अंग रात्री दहा अंशांपर्यंत जास्त गरम राहतं, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं.

मासे तरी सगळे शीतरक्ती असतात ना?

बहुतेक. कुपा आणि गेदर, म्हणजे ट्यूना मंडळी, अपवाद. जॉन डेव्ही या ब्रिटिश डॉक्टरने १८३५ मध्येच नोंदवलं होतं की ताज्या पकडलेल्या ट्यूनाचं मांस समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे दहा अंशांनी गरम असतं. हे मासे आयुष्यभर थांबत नाहीत. सततच्या पोहण्याने लाल स्नायूंत उष्णता तयार होते, आणि एरवी ती कल्ल्यांतून पाण्यात निघून गेली असती. पण त्यांच्या अंगात बारीक धमन्या आणि शिरा एकमेकींना खेटून, उलट्या दिशांनी वाहतात. स्नायूंकडून परतणारं गरम रक्त आपली ऊब स्नायूंकडे निघालेल्या गार रक्ताला देऊन मोकळं होतं. कुप्याची कापं लालभडक दिसतात ती याच सततच्या कामासाठी लागणाऱ्या मायोग्लोबिनमुळे, म्हणजे स्नायूंत ऑक्सिजन साठवणाऱ्या लाल प्रथिनामुळे. गंमत म्हणजे सुरमई आणि बांगडा याच कुळातले, पण त्यांच्यात ही सोय नाही.

२०१५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ओपा नावाच्या गोल, ताटाएवढ्याहून मोठ्या माशाची गोष्ट सांगितली. ट्यूना अंगाचे काही भागच गरम ठेवतो. ओपाचं हृदय आणि मेंदू धरून जवळजवळ सगळं शरीर पाण्यापेक्षा सुमारे पाच अंशांनी गरम असतं. हा माहीत असलेला पहिलाच असा मासा.

आणि दुसरं टोक अंटार्क्टिकाचं. तिथले आइसफिश शून्याखाली जेमतेम दोन अंशांच्या खाऱ्या पाण्यात राहतात. ‘शीतरक्ती’ हा शब्द अक्षरशः कुणाला शोभत असेल तर त्यांना. पण त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही, ते लाल नसून पाण्यासारखं आहे. योहान रूड या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये ते सविस्तर मांडलं. लिनियसच्या ‘थंड आणि लाल’ या दोन विशेषणांपैकी दुसरं इथे गळून पडतं.

कीटकांचं काय?

एकटी, विसावलेली मधमाशी घ्या, ती बाह्यतापी. मोहोळ घ्या, प्रश्न बदलतो. सातेरी मधमाश्या अंड्या-अळ्यांच्या पोळ्याचं तापमान ३५ अंशांच्या आसपास राखतात. थंडीत पंखांचे स्नायू पंख न हलवता थरथरवून ऊब आणतात. उकाड्यात पाणी आणून शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात. जपानमधली सातेरीची बहीण तर पोळ्यात घुसलेल्या गांधीलमाशीभोवती गोळा होऊन आत ४६ अंशांपर्यंत उष्णता तयार करते. गांधीलमाशी त्यात मरते, मधमाश्या वाचतात.

डासाची अडचण निराळीच आहे. तो पितो गरम रक्त, आणि स्वतः तर शीतरक्ती. मादी एका दमात स्वतःच्या वजनाइतकं ३७ अंशांचं पेय ढोसते तेव्हा तिला चटका बसायला हवा. २०१२ मध्ये दिसून आलं की आपल्या शहरांत मलेरिया पसरवणारी ॲनॉफिलीस स्टीफेन्साय रक्त पिताना पार्श्वभागाशी एक थेंब धरून ठेवते. त्या थेंबाचं बाष्पीभवन होऊन तिचं पोट थंड राहतं.

उष्णरक्ती प्राण्यांचं तापमान तरी कायम स्थिर असतं?

नाही. पाणी न मिळालेला उंट पहाटे ३४ अंशांवर असतो आणि दुपारी ४० च्या पुढे जातो. घाम गाळून पाणी घालवण्यापेक्षा तो अंग तापू देतो आणि रात्री निववतो. हमिंगबर्ड रात्री तापमान इतकं खाली आणतो की पेरूच्या अँडीज पर्वतातल्या एका जातीत ३.३ अंशांपर्यंतची नोंद आहे. आर्क्टिक ग्राउंड स्क्विरल ही खार शीतनिद्रेत उणे २.९ अंशांपर्यंत जाते, तेही न गोठता.

शून्याखालचं रक्त असलेली ती खार ‘उष्णरक्ती’, आणि चाळिशीतला इग्वाना ‘शीतरक्ती’.

मगरीच्या हृदयाला चार कप्पे असतात. मग ती शीतरक्ती कशी?

हा प्रश्न बहुधा दहावीचा. हृदयाचे कप्पे आणि रक्ताची ऊब यांची सांगड लिनियसने घातली होती, आणि मगर ती मोडते. चार कप्पे असले की शुद्ध आणि अशुद्ध रक्त वेगळं राहतं, त्यामुळे जास्त ऑक्सिजन पुरवता येतो. अंतस्तापी होण्यासाठी ते उपयोगी पडतं. पण उपयोगी पडणं म्हणजे पुरेसं असणं नव्हे. मगरीचे पूर्वज आजच्यापेक्षा बरेच चपळ होते आणि कदाचित अंतस्तापीही असावेत, असा एक विचार काही शास्त्रज्ञ मांडतात. वाद चालू आहे.

वेळासच्या कासवांचा आणि तापमानाचा काय संबंध?

ऑलिव्ह रिडले कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण २९ अंशांच्या आसपास दोन्ही निघतात, त्याहून थंड वाळूत नर जास्त, गरम वाळूत माद्या जास्त. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला किंवा दापोलीजवळच्या आंजर्ल्याला अंडी हलवून संरक्षित हॅचरीत ठेवतात, तेव्हा खड्डा किती खोल आणि जागा किती उन्हातली, याला त्यामुळेच महत्त्व येतं. वाळू तापत गेली तर पिल्लं निघतील, पण सगळ्या माद्याच.

यांचीच मोठी नातलग, चामडी पाठीचं लेदरबॅक कासव (आपल्याकडे ते अंदमान-निकोबारला अंडी घालतं), त्याची कथा उलटी. १९७२ च्या एका नोंदीत ७.५ अंशांच्या समुद्रातल्या लेदरबॅकचं अंग आतून २५.५ अंश भरलं. प्रचंड आकार, चरबीचा थर आणि अखंड पोहणं यांच्या जोरावर ते हे जमवतं.

डायनोसॉर कोणत्या गटातले?

एकच उत्तर सगळ्यांना लागू नाही. दातांच्या रसायनावरून २०११ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार ब्रॅकिओसॉरससारख्या महाकाय डायनोसॉरांचं अंग ३६ ते ३८ अंशांच्या घरात असावं. पण इतक्या मोठ्या देहात ऊब नुसत्या आकारामुळेही टिकते, म्हणून एवढ्यावरून ते अंतस्तापी ठरत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला ज्यांची हाडं मिळाली ते टायटॅनोसॉर याच लांब मानेच्या गोतावळ्यातले. पक्ष्यांकडे जाणारी फांदी मात्र कुठेतरी वाटेत अंतस्तापी झाली, एवढं नक्की.

मासे शीतरक्ती, मग ते खायलाही थंड असतात का?

घरातलं ‘उष्ण पडतं’ आणि ‘थंड असतं’ हे आहाराच्या परंपरेतलं वर्गीकरण आहे. प्राण्याच्या अंगच्या तापमानाशी त्याचा काडीचा संबंध नाही. कुर्ल्या शीतरक्ती, पण त्यांचा रस्सा उष्ण म्हणून आजी गरोदर सुनेला देत नाही. शेळी उष्णरक्ती, तिचं दूध थंड. दोन हिशेब वेगळे ठेवा.

आणि ‘थंड रक्ताने केलेला खून’?

ती बातम्यांतली इंग्रजीची उसनवारी. राग आला की रक्त तापतं, ही युरोपातली जुनी समजूत तिच्यामागे आहे. सापा-बेडकांचा त्यात हात नाही. मराठी माणूस खून ‘थंड डोक्याने’ करतो. रक्त आपल्याकडेही उसळतं, सळसळतं, आटतं आणि गोठतं, पण ते निराळ्या प्रसंगी.

परीक्षेत काय लिहू?

पुस्तकात आहे ते. मासे, उभयचर, सरीसृप शीतरक्ती. पक्षी आणि सस्तन उष्णरक्ती. तपासणाऱ्यापुढे ओपा मासा आणून गुण घालवू नका. तोंडी परीक्षेत सर चांगल्या मूडमध्ये असतील तर अजगरिणीचं उदाहरण द्यायला हरकत नाही.

थंडीच्या सकाळी अंगणात सुस्त पडलेला साप दिसला. तो मेलाय असं समजावं का?

अजिबात नाही. गारठ्याने त्याची हालचाल मंद झालेली असते, विष मंद झालेलं नसतं. ऊन अंगावर आलं की थोड्याच वेळात तो पूर्ण वेगाने हलू शकतो. काठीने डिवचू नका, बाटलीत भरू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. मुलांना आणि कुत्र्याला आत घ्या, लांबून नजर ठेवा आणि ओळखीच्या सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. बऱ्याचदा माणूस पोचेपर्यंत साप अंग शेकून आपल्या वाटेने गेलेला असतो.